नाव ठेवणारी आणि नावं ठेवणारी

टॅमरॅक गावात मार्लिस टीडमनला सगळे ओळखत ते तिच्या पिवळ्या बसमुळे. सकाळी शाळेची पोरं गोळा करायची, दुपारी ज्याची त्याला घरी सोडायची, आणि मधल्या वेळात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राक्षसांची ताकद ठरवायची, असा तिचा दिवस. विस्कॉन्सिनच्या थंडीत टाकीतलं डिझेलसुद्धा गोठतं, पण मार्लिसची बस कधी उशिरा आली असं कुणाला आठवत नाही. बाई चोख, कष्टाळू आणि जराशी तुटक. नवरा एल्रॉय कागदाच्या गिरणीत होता. आठवडाभराचं जे काय बोलायचं असे ते तो शुक्रवारी तळलेले मासे खाताना एकदाच बोलून मोकळा व्हायचा.

खेळ तिच्या घरात आणला लाइल ब्रँडव्होल्डनं. लाइल दुधाचा टँकर चालवायचा. एका हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद पडले तेव्हा तो मॅडिसनहून आणलेला एक खोका काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "मार्लिस, हे वाचून माझ्या डोक्याचा भुगा झालाय. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसतं बोलायचं म्हणे."

मार्लिसनं खोक्यातली पुस्तिका वाचली आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना खेळायला बसवलं. खेळ खरंच बोलण्याचा होता. एकानं सूत्रधार व्हायचं आणि किल्ल्यांचं, भुयारांचं, राक्षसांचं जग सांगायचं. बाकीच्यांनी त्या जगात एकेक पात्र होऊन राहायचं. पात्राला पेशा हवाच. कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी पुजारी. अडलं की फासा टाकायचा. लाइल तलवारबाज झाला. दवाखान्यातली नर्स हेझल ह्रुस्का चोर झाली, कारण, तिच्याच शब्दांत, आयुष्यभर सभ्यपणानं वागून तिला कंटाळा आला होता. बस चालवताना चार शब्द न बोलणारी मार्लिस टेबलाच्या टोकाला बसली की असं बोलायची, की लाइल रेडिओवर फुटबॉलचा सामना लावायचं विसरून जायचा. विस्कॉन्सिनमधल्या माणसानं रविवारी सामना विसरणं म्हणजे काय, ते तिथं राहणाऱ्यालाच कळेल.

चारदोन वर्षांत पुस्तिकेतले पेशे तिला पुरेनासे झाले. तिनं स्वतःच नवे घडवले. मंत्राविना, देवाविना, निव्वळ मनाच्या बळावर काही करू शकणारी माणसं. एक दुसऱ्याच्या मनात दडलेलं शोधून काढतो. एक दुसऱ्याचं दुखणं आणि भीती स्वतःवर ओढून घेते. एक हात न लावता दार पाडतो. त्यांनी किती बळ वापरलं तर किती थकवा येतो, कुणाचं मन वाचलं तर उलट आपल्या मनाला काय इजा होते, हे सगळं तिनं इतक्या बारकाईनं बसवलं होतं, की हेझल म्हणायची, "आमच्या दवाखान्यातसुद्धा औषधाचा डोस एवढ्या काळजीनं देत नाहीत."

घोडं अडलं नावापाशी.

मार्लिसला नाव सुचायचं नाही. हे तिचं जुनं दुखणं. या मनाच्या माणसांना नाव देणं तर भलतंच अवघड. 'सायकिक' म्हणावं, तर हमरस्त्यावर लाल दिव्यांची पाटी लावून हात बघणारी बाई डोळ्यांपुढे येते. साधू, योगी म्हणावं, तर पुजाऱ्याच्या हद्दीत पाय पडतो, आणि हा खेळ सैतानाचा आहे असं कुजबुजणारे शेजारी आधीच टपलेले. जादूगार म्हणावं, तर मग मांत्रिकानं काय करायचं? शेवटी तिनं वाचनालयातल्या जाडजूड कोशातून ग्रीक शब्द काढले आणि ते एकमेकांना जोडले. मराठीत आणायचे तर ते असे व्हायचे: मानसप्रक्षेपक, वेदनासंक्रामिका, चित्तगतिनियामक.

"माझा कोण तो... चित्त... नियामक दार ढकलतो," लाइल म्हणायचा, आणि तिसऱ्या वेळेला कंटाळून, "जाऊ दे, माझा डोकेवाला दार ढकलतो." टेबलावर सगळ्यांना डोकेवालेच म्हणायला लागले. मार्लिसच्या कपाळावर आठी पडायची. तलवारींच्या आणि मशालींच्या जगात आपली नावं प्रयोगशाळेतून पळून आल्यासारखी दिसतात, हे तिलाही कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

त्या वर्षी पानं गळायच्या सुमाराला तिची धाकटी बहीण नोरीन मिल्वॉकीहून परत आली.

नोरीनचं म्हणजे लहानपणापासूनच असं. बापाच्या गोठ्यात वासरू जन्मलं की मार्लिस त्याला पुसायची, उभं करायची, बाटलीनं दूध पाजायची. मग नोरीन शाळेतून यायची, कुंपणावर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "ही खजिनदारीण. बघा कशी संशयानं बघतेय." झालं. ते वासरू मरेपर्यंत खजिनदारीण. आलेगेले सगळे हसायचे, नोरीनच्या गालाला हात लावायचे. पाजणारीचा हात दुधानं चिकट झालेला असायचा, त्याला कोण लावणार. मार्लिसला मुलगी झाली तेव्हा ती आणि एल्रॉय आठवडाभर नावाविना पोर घेऊन बसले होते. नोरीन आली, मार्लिसनं विचारल्यावर पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, "ही ब्रिटा आहे." आणि ती ब्रिटाच होती, हे मार्लिसला त्याच क्षणी पटलं. तेच तिला सर्वांत जास्त लागलं. पोटच्या पोरीला हाक मारताना दर वेळी बहिणीची शिल्लक राहिलेली उष्टी हाक तोंडात येते, असं तिला वाटायचं. ब्रिटा मोठी होऊन शिकायला मिनेसोटाला गेली, तरी ते गेलं नाही.

आता नोरीनचा नवरा तिला सोडून गेला होता. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती राहायला लागली आणि तळ्याकाठच्या जेवणघरात गोड सारण भरलेल्या पाई भाजायचं काम तिला मिळालं. बहिणीला रविवारी एकटं कसं सोडायचं म्हणून मार्लिसनं तिला खेळाला बोलावलं. कर्तव्य म्हणून बोलावलं. ती येणार नाही अशी तिची अटकळ होती.

नोरीन आली. चेरीची पाई घेऊन आली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तासभर ऐकत राहिली. मग म्हणाली, "लाइल, तुझा हा नवा, मनातलं शोधणारा माणूस म्हणजे ओटोकाका की."

"कोण ओटोकाका?"

"आमच्या बाबांचा भाऊ. पाणाड्या होता. विलोच्या झाडाची दुबेळकी काठी घेऊन शेतात फिरायचा. काठी वाकली की म्हणायचा, इथं खणा. हा तेच करतो ना? पाणी नाही, मनातलं शोधतो. पाणाड्या म्हण त्याला."

लाइलनं हातातला फासा खाली ठेवला. "पाणाड्या," तो म्हणाला. "माझा पाणाड्या रखवालदाराकडे बघतो आणि काठी वाकते." सगळ्यांच्या अंगावर काटा आला. मार्लिसच्याही.

"आणि माझी?" हेझलनं घाईघाईनं विचारलं. तिनं तेव्हा दुसऱ्याचं दुखणं ओढून घेणारी बाई घेतली होती.

"भाजल्यावर आजी काय करायची? फुंकर घालायची. फुंकरवाली." नोरीननं काट्यानं पाईचा तुकडा तोडला. "आणि तो दारं पाडणारा रेट्या. त्याला दुसरं काय म्हणणार?"

"आणि सगळ्यांना मिळून?" लाइल पुढे सरकला. "डोकेवाले म्हटलं की मार्लिसला राग येतो."

नोरीननं थोडा विचार केला. "मांत्रिकाचं बाहेरून येतं, पोथीतून. पुजाऱ्याचं वरून येतं. यांचं आतून येतं. मग हे 'आतले'." आणि बहिणीकडे बघून हसली, "मार्लिस, अगं तू एवढी आतल्या गाठीची, आणि तुलाच सुचलं नाही?"

सगळे हसले. मार्लिसही हसली, आणि कॉफी आणायच्या निमित्तानं उठून ओट्यापाशी गेली. कॉफी तयार होती तरी ती तिथं उभी राहिली. तिनं दोन वर्षं त्या माणसांच्या मनाची एकेक कळ बसवली होती. पाठीमागे तिच्याच टेबलावर ते लोक नवी नावं तोंडात घोळवत होते, पोरांनी गोळ्या चघळाव्यात तशी. वासरू तिनं पाजलं होतं, आणि कुंपणावर हनुवटी टेकायला ही आली होती.

त्यानंतर नोरीन दर रविवारी यायला लागली. टेबल तिची वाट बघायचं. मार्लिस गोष्ट सांगत असताना नवा प्राणी, नवं गाव आलं की लाइलची मान आपोआप नोरीनकडे वळायची. मार्लिस चुका काढायला लागली. "पाणाड्या म्हणजे फार गावठी वाटतं," ती म्हणायची. "फुंकरवाली! हे काय पेशाचं नाव आहे का? उद्या शिंकरवाली म्हणाल." नोरीन हसून सोडून द्यायची. तिला ते लागायचं नाही, आणि लागत नाही म्हणून मार्लिसला अजून लागायचं.

हिवाळ्यात मार्लिसनं नियम टाइप करून ओशकोशच्या एका छोट्या प्रकाशनाला पाठवले. पाठवताना नावं स्वतःची घातली, ग्रीक. टेबलावर कुणाला सांगितलं नाही. बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका दुपारी फोन वाजला. प्रकाशनाचे मालक, संपादक आणि बहुधा हमालसुद्धा असलेले मिस्टर स्ट्रॉइक बोलत होते.

"मिसेस टीडमन, नियम झकास आहेत. एवढे नेटके नियम माझ्याकडे कधी आले नव्हते. मी छापतो." मार्लिसला खुर्चीवर बसावं लागलं. "फक्त ती नावं. बाई, दाताखाली खडा येतो हो! माझ्या बायकोला वाचून दाखवली तर ती म्हणाली, हा कसला आजार? तुमच्या टेबलावर लोक काय म्हणतात?"

मार्लिसच्या समोर, फ्रिजच्या दारावर, लाइलच्या पात्राचा कागद चुंबकानं लावलेला होता. त्यावर मोठ्या अक्षरात पाणाड्या. बाजूला लाइलनंच काढलेली वाकडी काठी.

"हेच म्हणतात," ती म्हणाली.

"हेच? लोक खेळताना चित्तगति... हे म्हणतात?"

"सवय झाली की जमतं."

"दुसरी काहीच नाहीत? साधी? कच्ची चालतील. मी घासूनपुसून घेईन."

"नाहीत," मार्लिस म्हणाली. "दुसरी नाहीत."

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटलं. या एका गोष्टीवर तरी नोरीनचं बोट उमटणार नाही. मग ती उठली आणि बस काढायला गेली.

पुस्तक उन्हाळ्याच्या तोंडाला आलं. रविवारी सगळ्यांसमोर तिनं पुडकं फोडलं. मुखपृष्ठावर डोक्याला फडकं गुंडाळलेली एक बाई काचेच्या गोळ्यात बघत होती. स्ट्रॉइकनं स्वतःच्या अकलेनं नाव दिलं होतं, 'सायकिक'. आतल्या पेशांना त्यानं नावंच दिली नव्हती. सायकिक, प्रकार एक. प्रकार दोन. प्रकार तीन. सगळे नियम जिथल्या तिथे होते, स्वल्पविरामसुद्धा तिचे होते. पण ती माणसं तिची राहिली नव्हती.

"ही तर हमरस्त्यावरची हात बघणारी!" हेझल म्हणाली.

लाइलनं पानं चाळली. "प्रकार एक? माझा पाणाड्या प्रकार एक?"

नोरीननं पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "मार्लिस," तिनं हळूच विचारलं, "तू त्यांना आपली नावं नाही सांगितलीस?"

'आपली' म्हणाली ती. मार्लिसला तेवढा शब्द ऐकू आला, आणि त्यानंच ती पेटली.

"सांगितली होती की. त्यांना आवडली नाहीत. पोरकट वाटली म्हणे."

नोरीनचा चेहरा पडला. मार्लिसनं हे आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हासुद्धा ही बाई थट्टा करत सामान घेऊन आली होती. आता तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं, त्याची कड टेबलाच्या कडेशी जुळवली आणि म्हणाली, "असेल बाई. मला काय कळतं त्यातलं."

खरं सांगायचं तर मार्लिसला त्या क्षणी गोड वाटलं. घोटभर ब्रँडी प्यायल्यासारखं, पार पोटापर्यंत.

ते गोडपण टिकलं नाही. जेवणघराच्या दारात खडूचा फळा असायचा. नोरीन रोजच्या पाईंची नावं त्यावर लिहायची आणि लोक ती वाचायला थांबायचे. 'पाद्रीबुवांचा मोह' म्हणजे चॉकलेटची. 'सासूची समजूत' म्हणजे आंबटगोड रुबार्बची. त्या शुक्रवारी एल्रॉयबरोबर मासे खायला गेली तेव्हा मार्लिसनं फळा पाहिला. सफरचंद. चेरी. लिंबू.

"फळ्याला काय झालं?" एल्रॉयनं विचारलं.

"मला काय माहीत?" मार्लिस खेकसली.

नोरीन रविवारी यायची तशीच यायची, पण टेबलावर काही नवं निघालं आणि लाइलनं मान वळवली की म्हणायची, "मार्लिसला विचार. तिचं जग आहे." मार्लिसला हवं होतं ते हेच. आणि आता सगळे माना वळवून तिच्याकडे बघायचे, तेव्हा तिच्या तोंडातून निघायचं, "उत्तरेकडचं गाव" आणि "मोठा सरडा."

ऑगस्टमध्ये मिल्वॉकीला खेळांची जत्रा भरली. मोठ्या दालनात शेकडो टेबलं, फाशांचा पाऊस पडल्यासारखा आवाज. स्ट्रॉइकनं मार्लिसला पुस्तकावर सह्या करायला बोलावलं होतं. गाडीत सोबत लाइल जाणार होता, पण त्याची कंबर धरली, म्हणून नोरीन गेली. ती आपणहून तयार झाली, सोबत सँडविचचा डबासुद्धा घेतला. त्याचंही मार्लिसला मनातून ओझं झालं.

सह्या घ्यायला फार कुणी आलं नाही. जे यायचे ते मुखपृष्ठ बघून विचारायचे, "हे भविष्य बघण्याचं पुस्तक आहे का?" दुपारी मिस्टर स्ट्रॉइक आले. घामाघूम, ढेरपोटे, गळ्यात पास अडकवलेला.

"खप थंड आहे, मिसेस टीडमन. नियमांची सगळे वाहवा करतात, पण पुस्तक उचलूनच कुणी घेत नाही. माझंच चुकलं. मला नावं कुठं सुचतात?"

"मिस्टर स्ट्रॉइक," नोरीन मध्येच म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका, पण मला विचारायचं होतं. ती दुसरी नावं तुम्हाला पोरकट का वाटली? पाणाड्या, फुंकरवाली. म्हणजे, कुठं चुकलं ते कळलं असतं मला."

"कुठली नावं?" स्ट्रॉइक म्हणाले. मग, "काय म्हणालात? पाणाड्या?" त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला आणि डोळे बारीक केले. "मनातलं शोधणारा तो? अरे देवा. अहो, मी फोनवर यांना पुन्हापुन्हा विचारलं, दुसरी काही नावं आहेत का? कच्ची द्या म्हटलं. या म्हणाल्या नाहीत." ते मार्लिसकडे वळले, आणि तिच्या चेहऱ्यात काय दिसलं कोण जाणे, "मी... मी जरा कॉफी बघतो," म्हणून निघून गेले.

नोरीन उठली. पुस्तकं खोक्यात भरली. डबा तसाच न उघडता उचलला. गाडी तीच चालवत होती. शहर मागे पडलं, मक्याची शेतं सुरू झाली, तेव्हा तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि चावी काढून मांडीवर ठेवली.

"का?"

"नोरीन, घरी जाऊन बोलू."

"का, ते सांग. नाहीतर इथून चालत जा."

आणि मार्लिसचा बांध फुटला. "कारण तुला सगळं आयतं मिळतं! मी राबराब राबायचं आणि तू येऊन दोन शब्द टाकायचेस, की सगळे तुझे! बाबांची वासरं तुझी. लाइल, हेझल तुझे. माझ्या पोरीचं नावसुद्धा तुझं. माझ्या पोरीचं!"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं मी!"

"विचारलं, कारण मला सुचत नव्हतं!" मार्लिस ओरडली, आणि मग त्या बंद गाडीत आपण काय ओरडलो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

बाजूनं एक ट्रक गेला, गाडी हलली.

"तू माझ्यावर जळतेस हे मला खजिनदारीण वासराच्या वेळेपासून माहीत आहे," नोरीन म्हणाली. "ते मी कधी मनावर घेतलं नाही. माणूस जळतं. मीही जळले, तुझ्या घरावर, तुझ्या त्या मुक्या नवऱ्यावर. तो निदान रोज घरी येतो. पण तू मला सांगितलंस, की त्यांना आवडली नाहीत. मार्लिस, त्या टेबलाशी बसून मला वाटायला लागलं होतं की मी अजून कशाच्या तरी कामाची आहे. आणि तू बघत होतीस माझ्याकडे. मी पुस्तक खाली ठेवलं तेव्हा तू बघत होतीस."

मार्लिसला 'चुकलं' म्हणायचं होतं. तो शब्दही वेळेवर सुचला नाही. नोरीननं चावी लावली.

त्यानंतर नोरीन रविवारची यायची बंद झाली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापताना दोघी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलल्या. हेझलनं काय झालं म्हणून खोदून विचारलं, तेव्हा मार्लिसनं सांगून टाकलं, सगळं, स्वतःला न वाचवता. हेझल ऐकून घेऊन म्हणाली, "तुझ्या फुंकरवालीला हे दुखणं ओढता येईल का ते बघ," आणि कोट घालून निघून गेली. पुढच्या रविवारी आली ती, पण पाई विकत घेऊन आली आणि मुद्दाम नोरीनच्या हातची म्हणून सांगितली.

तळ्यावरचं बर्फ फुटलं तेव्हा बातमी आली, की मासेमारांना गांडुळं विकायचं तळ्याकाठचं जुनं दुकान नोरीननं भाड्यानं घेतलंय. तिथं ती कॉफी आणि पाईचं दुकान काढणार. मार्लिसनं दोन दिवस मनाशी घोकून, तिसऱ्या दिवशी बादली आणि ब्रश घेतले आणि रिकामी बस शाळेत लावून थेट तिथं गेली. नोरीन गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तो कोपरा घे. तिथं वास जास्त आहे."

दोघी घासत राहिल्या. बऱ्याच वेळानं नोरीन म्हणाली, "पाटी रंगवायला माणूस येणारे. नाव तू ठेवायचंस."

"मी?"

"तू. जे ठेवशील ते लावीन. मग ते ग्रीक असो नाहीतर काही असो. लोक हसले तर हसू दे, रोज त्या पाटीखाली उभं मला राहायचंय. तुला कळू दे, दुसऱ्याच्या वस्तूला नाव देणं कसं असतं, आणि मलाही कळू दे, आपलं नाव दुसऱ्याच्या हातात असणं कसं असतं."

मार्लिसनं असे दिवस पुन्हा काढले नाहीत. बस चालवताना वळणं चुकली. 'गोड कोपरा', 'तळ्याकाठची पाई', 'नोरीनचं दुकान'. रात्री एल्रॉयला उठवून विचारलं तर तो म्हणाला, "दुकान म्हण ना," आणि कुशीवर वळला. पाटी रंगवणारा यायच्या दिवशी ती दुकानासमोर उभी होती आणि तिच्या डोक्यात काही म्हणता काही नव्हतं. रंगाऱ्यानं शिडी लावली आणि दारावरची जुनी, उन्हानं उडालेली पाटी काढायला हात घातला. पाटीवर गांडुळाचं चित्र होतं आणि लिहिलं होतं, 'जिवंत आमिष'.

"थांबा," मार्लिस म्हणाली. "ती काढू नका. ती राहू दे."

रंगाऱ्यानं तिच्याकडे बघितलं. मग दारात आलेल्या नोरीनकडे. नोरीन पाटीकडे बघत राहिली. खालून पाईचा वास येत होता, आणि वर 'जिवंत आमिष'. तिच्या ओठाचा कोपरा हलला. तो आवरायचा तिनं प्रयत्न केला, जमला नाही, आणि मग ती दाराच्या चौकटीला धरून इतकी हसली की रंगारी शिडीवरून खाली उतरला.

"गांडूळसुद्धा राहू दे?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"त्याला फक्त नवा रंग द्या," मार्लिस म्हणाली.

दुकान चाललं. पाटी बघायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. शेजारच्या गावच्या वर्तमानपत्रातली एक पोरगेलीशी बाई कॅमेरा घेऊन आली, तो शनिवार होता, आणि शनिवारी मार्लिस काउंटरवर मदतीला असायची.

"काय भन्नाट नाव आहे हो!" ती बाई नोरीनला म्हणाली. "सुचलं कुणाला?"

नोरीननं हातातली पाई खाली ठेवली. मार्लिसकडे सरळ बघितलं. नजर काढली नाही.

"मला," ती म्हणाली. "मला सुचतात अशी. लहानपणापासून."

मार्लिसच्या हातात कॉफीचं भांडं होतं. कानाच्या पाळ्या तापल्या, मान तापली. आयुष्यात एकदा, एकदाच, तिला नाव सुचलं होतं. तिनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि पहिल्या टेबलापासून कॉफी ओतायला सुरुवात केली.

नोरीन पुन्हा रविवारी यायला लागली. स्ट्रॉइकचं प्रकाशन बुडालं आणि उरलेली पुस्तकं खोक्यांतून मार्लिसच्या गराजमध्ये आली. 'आतले' हे नाव त्या टेबलापलीकडे कधी गेलं नाही, पण त्या टेबलावर ते लाइल म्हातारा होऊन फासा दिसेनासा होईपर्यंत चाललं. बहिणी भांडत, एकमेकींना टोचत, एका टेबलाशी बसल्या. जत्रेचा विषय कुणी काढला नाही, आणि पाटीचाही नाही. वर्तमानपत्रातलं कात्रण नोरीननं काउंटरमागे चौकटीत लावलं होतं. मार्लिस दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसायची आणि दर शनिवारी त्यातली नोरीनची ती ओळ पुन्हा वाचायची.

एकदाच ती बोलली. वादळी दिवस होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं. आयोवाकडे निघालेला एक परका ट्रकवाला वाट चुकून आला होता. नोरीन आत भट्टीपाशी होती. मार्लिसनं त्याच्यापुढे रुबार्बची पाई ठेवली, आतल्या दाराकडे एकदा बघितलं, आणि वाकून हलक्या आवाजात म्हणाली, "बाहेरची ती पाटी पाहिलीत ना? ते नाव मी ठेवलंय."

ट्रकवाल्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. पावसात पाटी दिसत नव्हती.

"असं का," तो म्हणाला. "बरं, थोडी साय मिळेल का हिच्यावर?"